व्हर्ना ब्रॅडशॉ जामीन राहिली

माझी मावसबहीण व्हर्ना ब्रॅडशॉ आमच्या टकर क्रीक गावाचा कचरा उचलते. तिच्या तोंडाला लागू नये असं अख्खं गाव म्हणतं, मीही म्हणते. पण लाइल हार्गिसशी ती वागली ते चुकलं, असं कुणी माझ्यासमोर म्हणू नये.

आधी हे काम तिचे वडील करायचे, आमचे ऑर्व्हिलकाका. एक खटारा गाडी आणि तिच्यामागे सीगलचा थवा. हार्गिस तेव्हा गावच्या कौन्सिलवर होता. त्याचा स्वतःचा धंदा क्रेन बसवलेल्या बार्जवरून, म्हणजे सपाट तळाच्या मोठ्या होडीवरून, धक्के आणि काठाच्या लाकडी भिंती बांधायचा, पण कचऱ्याचं काम त्याला पुतण्याच्या घशात घालायचं होतं. म्हणून त्याने नियम आणला. कचरा नेणाऱ्याने जामीनपत्र द्यायचं, म्हणजे त्याने कचरा भलतीकडे टाकला तर जामीन कंपनी गावाला भरपाई देईल. ऐकायला छानच. पण एका गाडीच्या माणसाला कंपनी दारात उभं करत नव्हती. मागे सही करणारा कुणी ऐपतीचा माणूस लागायचा.

फायर हॉलमध्ये, म्हणजे गावच्या आगीच्या बंबाच्या हॉलमध्ये, खेकड्यांचं गावजेवण होतं, तिथे काका हार्गिसकडे गेले. दोघं एका होडीवर वाढलेले. काकांनी टोपी काढून हातात घेतली.

"लाइल, माझ्यासाठी एवढी सही कर ना."

हार्गिस खेकडा फोडतच राहिला. "ऑर्व्हिल, तुझ्या त्या वासाला कोण जामीन राहणार रे? तुझ्या सीगलना विचार!"

अख्खा हॉल खदखदून हसला. व्हर्ना बापाच्या मागेच उभी होती. काम पुतण्याकडे गेलं, काकांची गाडी विकली गेली. त्यानंतर ते हॉलमध्ये कधी जेवले नाहीत, आणि दोन हिवाळे काढून वारले. त्यांना कशाने मारलं ते मला कुठल्या डॉक्टरने सांगायला नको.

पुतण्याने धंदा बुडवला. व्हर्नाने घर तारण ठेवून जामीनपत्र मिळवलं, गाडी घेतली आणि हार्गिसची वाट बघत बसली.

तो आला, पण फार वर्षांनी. बाहेरचा एक ठेकेदार खाडीत अर्धी भिंत टाकून पळाला, म्हणून कौन्सिलने तोच नियम पाण्याकाठी काम करणाऱ्यांनाही लावला. हार्गिस आता कौन्सिलवर नव्हता आणि बँकेत त्याची पतही उरली नव्हती. सगळ्यांचे उंबरे झिजवून शेवटी तो व्हर्नाच्या अंगणात उगवला. मी तिथेच मक्याची कणसं सोलत होते.

"पोरी, एक सही हवी होती."

मला वाटलं, ही आता त्याला नळीखाली धुऊन काढणार. पण ती म्हणाली, "करते ना, मिस्टर लाइल. फक्त तुमच्यापायी कंपनी माझ्या दारात आली, तर तुमचा बार्ज माझा. क्रेनसकट. वकिलासमोर लिहून द्या."

"घे लिहून!" तो हसला. "कंपनी कशाला येतेय तुझ्याकडे? जामीनपत्र म्हणजे विमाच की. हप्ता भरायचा आणि खुशाल झोपायचं."

तो गेल्यावर मी तिच्यावर तुटून पडले. "बापाला विसरलीस?"

"एटा, कणसं सोल," ती म्हणाली.

होडीचे विमे काढून काढून आमच्याकडे सगळ्यांचा हाच समज झालाय. विमा कंपनी पैसे देते आणि विषय संपतो. जामीन कंपनी गावाला पैसे देते आणि मग तेच तुमच्याकडून वसूल करते, नाहीतर तुमच्यासाठी सही करणाऱ्याकडून. घर तारण असलेली बाई हे विसरत नाही. शिवाय हार्गिसची खोड तिला ठाऊक होती. उपटलेले जुने, डांबर पाजलेले खांब तो मागच्या दलदलीत लोटायचा. पूर्वी सगळेच लोटायचे. आता ते कचऱ्याच्या गाडीतूनच न्यावे लागतात, आणि गावात गाडी एकच. हार्गिसने उन्हाळाभर खांब उपटले, पण व्हर्नाला एकदाही बोलावलं नाही.

शेवटी ती स्वतः गावच्या कचेरीत गेली आणि खांब कुठे पडलेत ते सांगून आली. स्वतःचं नावही लपवलं नाही. गावाने कंपनीकडून भरपाई घेतली आणि त्यातून दलदल साफ करायचं काम दिलं. कुणाला? सांगितलं ना, गाडी एकच! कंपनी हार्गिसकडे गेली, तर तो म्हणाला, "विमा आहे ना!" मग ती व्हर्नाच्या दारात आली. व्हर्नाने साफसफाईचे मिळालेले पैसे तसेच कंपनीच्या हातावर ठेवले आणि बार्ज ओढून आणला. त्या दिवशी मी आठ थरांचा केक केला. खोटं कशाला बोलू, इतकं गोड मला कधीच काही लागलं नाही.

बार्जवर तिने मोठ्या अक्षरांत 'ऑर्व्हिल' रंगवलं. बर्फ वितळल्यावर हार्गिस धक्क्यावर आला. टोपी त्याच्या हातात होती.

"पोरी, ती क्रेन माझ्याइतकी कुणाला कळत नाही. कामावर ठेव मला."

"ठेवते की, मिस्टर लाइल. तुमच्यासाठी जामीन राहणारा माणूस आणा."

त्याने धक्क्यावरच्या एकेकाकडे पाहिलं. त्या रात्री हॉलमध्ये हसलेले बरेच जण तिथे होते. सगळे आपापल्या खेकड्यांच्या पिंजऱ्यांवर वाकले, कुणी मान वर केली नाही.

व्हर्नाने आभाळाकडे बोट केलं. तिच्या गाडीवर सीगल घिरट्या घालत होते.

"त्यांना विचारून बघा," ती म्हणाली.