आंघोळ घातलेला कॉम्प्युटर

रोज सकाळी बटण दाबण्याआधी आत्या कॉम्प्युटरच्या डब्यावर तळहात ठेवायची. ताप बघावा तसा. मग हलक्या आवाजात विचारायची, "उठतोस ना रे राजा?" तो कधी उठायचा, कधी अर्धवट उठून पुन्हा झोपायचा. उठला, की आतला पंखा घरघरायचा आणि आत्याच्या चेहऱ्यावर असं समाधान पसरायचं, की घरातल्या दुसऱ्या कोणाच्या उठण्याने ते कधी पसरल्याचं मला आठवत नाही.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. नोकरी कोर्टात, टायपिस्टची. निवृत्त झाल्यावर तिने घराची रस्त्याकडची खोली ताब्यात घेतली, दारावर 'टायपिंग करून मिळेल' अशी पाटी लावली आणि लोकांचे अर्ज, करारनामे टाइपरायटरवर उतरवू लागली. पुढे टाइपरायटरची फीत बाजारात मिळेनाशी झाली, तेव्हा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे तिने ठरवलं. बाबांचं म्हणणं निराळं होतं.

"ताई, जन्मभर बोटं झिजवलीस. आता पाय पसरून बस की जरा."

"मी पाय पसरले तर तू अडखळून पडशील, छोट्या."

बाबांना साठीनंतरही छोट्या म्हणणारी ती एकटीच उरली होती. त्यामुळे त्यांना तिच्यावर धड रागावता येत नसे.

नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. दुकानदाराने एक मागच्या बाजूचा दाखवला. आत्याने विचारलं, "जुना आहे का?"

"जुना नाही हो काकू, रिफर्बिश्ड आहे. तपासून, साफ करून, पुन्हा तयार केलेला."

तो घरी आला, टेबलावर बसला. बाबांनी त्याच्याभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून पाहिलं आणि निकाल दिला, "म्हणजे जुनाच. फक्त आंघोळ घातलेला."

सुरुवातीला तो चांगला वागला. नवीन पाहुणा वागतो तेवढाच. मग एका सकाळी कोणाचा तरी अर्ज चालू असताना पडदा भरून निळा रंग आला, त्यावर पांढरी बारीक अक्षरं आली आणि सगळं गप्प झालं.

"अगं बाई! निळा पडला गं!" आत्या ओरडली.

"साप चावला असेल," मधल्या खोलीतून बाबा म्हणाले. "बघ, कुठे दाताची खूण आहे का."

त्यानंतर त्याच्या दुकानाच्या वाऱ्या सुरू झाल्या. आत्या डबा चादरीत गुंडाळून रिक्षातून न्यायची. दुकानात बटण दाबलं, की तो गुणी मुलासारखा उठून बसायचा. दुकानदार तासभर त्याला राबवायचा, तरी हूं नाही की चूं नाही.

"बघा काकू, काही झालेलं नाही याला."

"तुमच्यासमोर नाही होत. घरी येऊन बघा एकदा, काय थेर करतो ते."

"माहेरी सगळेच ठणठणीत असतात," बाबा म्हणत. तेव्हापासून टेबल रिकामं दिसलं, की आईसुद्धा सहज विचारायची, "माहेरी गेलाय वाटतं?"

दुकानदाराने आतली धूळ झटकली, मेमरीची पट्टी बदलली, वायर बदलली. डबा परत यायचा, काही दिवस शहाण्यासारखा राहायचा आणि आपण विश्वास टाकला, की नेमकी मान टाकायचा.

दोष त्याचा होता, हे खरंच. पण अर्धा दोष आत्याच्या हातांचा होता. टाइपरायटरवर जे उमटलं ते उमटलं. पान भरलं, की काढायचं आणि दुसरं घालायचं. त्याच हिशेबाने ती कॉम्प्युटरवर पान पूर्ण भरल्याशिवाय मजकूर जतन करायची नाही. मी सांगून दमले.

"आत्या, वाक्य झालं की सेव्ह कर ना."

ती माझ्याकडे दयेने बघायची. "अर्धं पान कोणी मशिनमधून बाहेर काढतं का? कागद पुन्हा सरळ बसत नाही."

"अगं, पण इथे कागद आहे कुठे?"

"नसला म्हणून काय झालं? पद्धत म्हणून काही आहे की नाही?"

अशात जनावरांचे डॉक्टर आले. तेही निवृत्त. गोठ्यागोठ्यांतून फिरलेल्या आयुष्याच्या आठवणी त्यांना पुस्तकात घालायच्या होत्या. त्यांचं अक्षर पूर्वी निदान औषधवाल्याला लागायचं. आता हात थरथरू लागल्यापासून त्यांचं त्यांनाही लागत नव्हतं. म्हणून ते सकाळी आत्याच्या समोरच्या वेताच्या खुर्चीत बसून सांगायचे आणि आत्या टाइप करायची. कोर्टातल्या सवयीने ती प्रत्येक वाक्य मोठ्याने म्हणत म्हणत उतरवायची, साहेबांना चूक कळावी म्हणून. त्यामुळे आमच्या घरात त्या आठवणी दोनदा ऐकू येत. एकदा डॉक्टरांच्या घोगऱ्या आवाजात आणि एकदा आत्याच्या खणखणीत आवाजात, विरामचिन्हांसकट. 'गाय माझ्याकडे बघत होती स्वल्पविराम आणि मी गायीच्या मालकिणीकडे पूर्णविराम.'

मधल्या खोलीत बाबा पेपर वाचत बसलेले असायचे. निदान पेपर उघडा असायचा.

डॉक्टर समोर असतानाच एकदा पडदा निळा झाला. त्यांनी गेलेला मजकूर पुन्हा सांगितला, पण जाताना कुरकुरले. "समोर टायपिंगचं नवीन दुकान झालंय म्हणे. त्यांची मशिनं बंद पडत नाहीत असं ऐकतो." ते गेल्यावर बाबा आत आले.

"ताई, परक्या माणसाचं आयुष्य आहे ते. ह्या डबड्यात घालवू नकोस. डॉक्टरांचं एक वाक्य जरी हरवलं ना, तर पाटी उतरवायची. आहे कबूल?"

आत्याने त्या पाटीकडे पाहिलं. त्या खोलीत तिच्या हक्काचं असं तेवढंच होतं, बाकी सगळं घराचं होतं. "कबूल," ती म्हणाली.

"पोरीसमोर बोलते आहेस."

"साक्षीदार कशाला लागतो, ते मला शिकवू नकोस. कोर्टात केस पिकले माझे."

पण रात्री तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "पान नाही, पण परिच्छेद संपला की जतन केलं तर चालेल का गं?" चालणार होतं. अडचण एवढीच होती, की डॉक्टरांना परिच्छेद हा प्रकार ठाऊक नव्हता.

ते त्या दिवशी टांगेवाल्याच्या घोडीची गोष्ट सांगत होते. घोडी तबेल्यात पडलेली, उठत नव्हती आणि डॉक्टर तिच्या उशाशी बसून होते. एका दमात सांगत सुटले. सांगून झाल्यावर गोळी घ्यायची वेळ झाली म्हणून घाईने घरी गेले. आत्याची बोटं शेवटच्या ओळींवर होती. आई भाजी चिरत होती, मी कपड्यांच्या घड्या घालत होते. रस्त्याकडच्या खोलीतून खटखट येत होती, ती थांबली.

आम्ही 'निळा पडला गं'ची वाट बघितली. ते आलंच नाही.

बाबा पेपर ठेवून उठले. मी त्यांच्या मागे गेले. आत्या मांडीत हात ठेवून बसली होती आणि तिच्या चष्म्याच्या दोन्ही काचांत तो रंग उतरला होता. बाबांची नजर पडद्यावरून पाटीच्या खिळ्याकडे गेली, असं मला वाटलं.

"जिंकलास, छोट्या," ती म्हणाली. "संध्याकाळी डॉक्टरांना सांगते, समोरच्या दुकानात जा म्हणून."

बाबा डॉक्टरांच्या खुर्चीत बसले. "चालू कर."

"आता कशाला?"

"चालू कर म्हणतो ना. 'टांगेवाला दारात उभा होता स्वल्पविराम पण आत येईना पूर्णविराम.' इथून गेलंय का?"

आत्या त्यांच्याकडे बघतच राहिली. "तुला काय माहीत?"

"बहिरा आहे का मी? रोज दोनदोनदा ऐकवता. घ्या, उतरवा."

डबा कसाबसा उठला. बाबा सांगू लागले आणि आत्या त्यांची वाक्यं पुन्हा म्हणत टाइप करू लागली. "'पहाटे घोडीने मान उचलली आणि टांगेवाल्याकडे पाहिलं.'"

"आधी कंदिलाकडे पाहिलं," मी म्हणाले.

"कंदील विझला होता तोवर," स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला. "तेलाचं आधीच नाही का सांगितलं त्यांनी?"

आत्याने हात उचलले. "म्हणजे या घरात कामं कोणीच करत नाही तर!"

"पूर्णविराम," बाबा म्हणाले. "आता जतन कर."

"अर्धंच पान झालंय."

"ताई!"

एरंडेल पाजल्यासारखं तोंड करून तिने अर्धं पान जतन केलं. मग पुढच्या प्रत्येक पूर्णविरामाला बाबा नुसतं खाकरायचे.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सगळं वाचून दाखवायचं होतं. बाबा मधल्या खोलीत, पेपर तोंडासमोर. आत्या वाचत गेली. घोडी उठली. "'टांगेवाला काही बोलला नाही. त्याने फक्त तिच्या पायाखालचं गवत सारखं केलं.'"

डॉक्टरांनी बोट वर केलं. "हे मी सांगितलं?"

मधल्या खोलीत बऱ्याच वेळात पान उलटलं गेलं नव्हतं.

"नको असेल तर काढते," आत्या शक्य तितक्या सरळ आवाजात म्हणाली.

डॉक्टरांनी डोळे मिटले, ओठांत ते वाक्य एकदा घोळवलं. "नको, राहू द्या. बरं बोलून गेलो मी."

ते गेल्यावर बाबा दारात आले. चेहऱ्यावर आनंद लपत नव्हता, पण तोंडाने म्हणाले, "तरी एका वाक्याची गफलत झालीच. पाटीचं काय करायचं?"

"अट काय होती? एक वाक्य हरवलं तर. हरवलं नाही, उलट एक वाढलं. कोर्टात गेलास तरी हरशील." मग जरा थांबून, "गवताचं तुला कुठून सुचलं रे?"

"सुचलं," बाबा म्हणाले आणि पेपरात शिरले.

त्या संध्याकाळी डबा चादरीत गुंडाळून बाबा स्वतः दुकानात घेऊन गेले. आत्या म्हणायची, तिथे ते भांडले. आजवर त्या डबड्याची बाजू घेऊन घरात कोणी इतकं बोललं नव्हतं. दुकानदाराने वीज पुरवणारा आतला भाग सबंध नवा घातला. पडदा त्यानंतरही निळा व्हायचा, पण आधी कधीतरी ताकीद दिल्यासारखा लुकलुकायचा. तेवढी माणुसकी त्याच्यात आली होती. 

डॉक्टरांचं पुस्तक झालं. मग आणखी कोणाकोणाचं झालं. पाय पसरून बसण्याचा विषय बाबांनी पुन्हा काढला नाही. ते पेपर घेऊन वेताच्या खुर्चीतच बसू लागले, तिथे उजेड चांगला येतो असं सांगून. ती खुर्ची उत्तरेच्या कोपऱ्यात होती आणि खिडकी तिच्या पाठीमागे बंद असायची.

आत्या गेली त्या दुपारी पडद्यावर कोणाचा तरी भाडेकरार होता. जेवायला चल म्हणून बाबा तिला हाक मारायला गेले होते. मान न वळवता ती शेवटचं बोलली, ते एवढंच.

"समास जरा मोठा झालाय, तेवढा कमी करते. तू वाढून घे."