सासुरवाडीच्या चढावरचा टर्बो

ट्रॅक्टरला दोरी, दोरीच्या दुसऱ्या टोकाला पांढरी छोटी गाडी, गाडीच्या स्टिअरिंगवर मान खाली घातलेले जावई. अशी मिरवणूक ओतूरला माझ्या गॅरेजसमोर येऊन थांबली, तेव्हा मी एका टेम्पोच्या खाली होतो. तिथंच राहावं असं मला मनापासून वाटलं. कारण ट्रॅक्टर स्वतः सासरे, म्हणजे तात्या, चालवत होते.

"मेस्त्री, भायेर या," तात्या म्हणाले. "तुमचा टर्बो आलाय."

गाडी त्यांच्या पैशाची, चालवणारा त्यांचा जावई, आणि टर्बो मात्र माझा. त्याला कारण होतं. वर्षभरापूर्वी ही गाडी घ्या असं छातीठोक सांगणारा मीच.

ही गोष्ट दोन हजार सालानंतरची. छोट्या, परवडणाऱ्या डिझेल गाड्यांमध्ये टर्बो यायला लागला होता आणि आमच्या जुन्नर-आंबेगावकडे त्याच्यावरून घरोघरी दोन पक्ष पडले होते. पोरांना पिकअप पाहिजे, म्हाताऱ्यांना टिकाऊपणा. तात्या टिकाऊ पक्षाचे पुढारी. त्यांच्याकडे एक जुनी डिझेल जीप होती, बिनटर्बोची. ती कधीच बंद पडली नाही हे मी मान्य करतो, पण ती कधी पुढं गेल्याचंही फारसं कुणी पाहिलं नव्हतं. चढाला लागली की मागून येणारी मेंढरं तिला ओलांडून जात, आणि जाता जाता त्यातली एकदोन ओळखीची असल्यासारखी आत डोकावून बघत.

तात्यांना एकच मुलगी. म्हणून जावई लग्नानंतर त्यांच्याच घरी राहायला आले. मूळचे घोडेगावकडचे, बोलायला गोड, बियाणं आणि औषधं विकायचा धंदा. सकाळी ओतूर, दुपारी मढ, संध्याकाळी मंचर अशी त्यांची फिरती. जीपनं हा दौरा करायचा तर सोयाबीनचं बी विकायला निघालेला माणूस हरभऱ्याच्या हंगामात पोचला असता. म्हणून मी टर्बोची शिफारस केली. आमच्याकडे गावच्या जावयाला सगळेच पावणं म्हणतात, मीही म्हणायचो.

"कुठं बंद पडली, पावणं?"

"मढावरनं येत व्हतो," ते म्हणाले. "आपल्या गावात शिरलो आन निळा धूर निघाया लागला. काय बी दिसंना."

धूर किती होता ते पावणं संकोचानं कमी सांगत होते. मागच्या एसटीच्या कंडक्टरनं धुकं बघून माळशेज आला म्हणून दोन पर्यटकांना उतरवलं होतं. मला हे त्या दोघांपैकी एकानंच सांगितलं, तेही भजी खाता खाता, कारण ते अजून दरी शोधत होते.

टर्बो हे काय प्रकरण आहे ते थोडक्यात सांगतो. सायलेन्सरकडे जाणारा गरम धूर एरवी फुकट जातो. टर्बोमध्ये त्याच्या वाटेत एक छोटा पंखा बसवतात. धुराच्या जोरावर तो फिरतो. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. जास्त हवा, जास्त डिझेल, जास्त ताकद. इंजिन शेळीएवढं आणि ओढ बैलाची. पण तो दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, आणि त्याला आधार फक्त ऑइलच्या पातळ थराचा. ऑइल थांबलं की दांड्याचा कारभार आटोपला.

मी टर्बो खोलला. दांडा बोटानं हलवला तर दुधाच्या दातासारखा हलला. ऑइलच्या वाटेत काळं, जळकं, तव्यावरच्या खरपुडीसारखं जमलेलं. पहिला टर्बो गेला तेव्हाही हेच निघालं होतं. तेव्हा वॉरंटीत बदलून मिळाला होता. आता कंपनीच्या सर्व्हिस सेंटरनं फोनवरच हात वर केले.

"ड्रायव्हिंग हॅबिट," तिकडचा साहेब म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आमचा फॉल्ट नाही."

तात्या तोवर माझ्या स्टुलावर बसून होते. "बघा मेस्त्री, ती पळते किती त्ये नगा सांगू मला. ट्रॅक्टरच्या मागं समद्या गाड्या सारख्याच पळत्यात."

"तात्या, चढाला हिच्यासारखी गाडी न्हाई."

"आमच्या जीपनं कदी दोरी बघितली का?"

"तिला दोरी लावली तर ट्रॅक्टर मागं सरकंल."

तात्या हसले नाहीत. ते उठले, दोरी गुंडाळली आणि निकाल दिला. "ही दुसरी बारी. तिसऱ्यांदा दोरी काढाया लावली तर गाडी बेल्ह्याच्या बाजारात नेऊन उभी करीन, बैलांच्या वळीत. आन पावणं माझ्या फटफटीवर मागं बसतील."

पावण्यांचा चेहरा उतरला. तुम्हीच बघा, सासऱ्याच्या कंबरेला धरून, मांडीवर औषधाचे डबे घेऊन दारात आलेल्या सेल्समनला कोण शेतकरी विचारणार? धंदा तर जाईलच, पण घरजावई मागच्या सीटवर बसलेला सगळ्या तालुक्यानं पाहिला की तो उभ्या जन्मात पुढच्या सीटवर येत नाही.

टर्बोचा मधला भाग पुण्याहून नवा आणून बसवला. ऑइल बदललं, पंप तपासला, पाइप स्वच्छ केले. पण कारण सापडलं नव्हतं, आणि कारण सापडल्याशिवाय दुरुस्ती म्हणजे तिसऱ्या दोरीची तयारी.

"पावणं, खरं सांगा. लांबून दामटून आल्यावर लगेच बंद करता का?"

हा प्रश्न महत्त्वाचा. जोरात ओढून आलेली गाडी झटकन बंद केली की इंजिन थांबतं, ऑइलचा पंप थांबतो, पण टर्बो लालभडक असतो आणि त्याचा दांडा अजून फिरत असतो. आतलं ऑइल तिथंच जळतं आणि त्याची खरपुडी होते. म्हणून मिनिटभर गाडी जागेवर चालू ठेवायची, त्याला निवू द्यायचं.

पावण्यांनी खंडोबाची शपथ घेतली. "शोरूमवाला बोलला व्हता, मुक्कामाला पोचल्यावर मिनिटभर चालू ठेवा. तवापासून दारात रोज चालू ठेवतो. बायकू वरडती, डिझेल जाळताय म्हून. तरी ठेवतो."

बायकोचं वरडणं सोसून माणूस खोटं बोलत नाही. मी चक्रावलो.

म्हणून नव्या टर्बोची ट्रायल घ्यायला मी पावण्यांच्या शेजारी बसलो. गाडी निघाली ती काय सांगू. मढकडं जाताना एका वळणावर माझी टोपी उडाली, ती खाली पडायच्या आत आम्ही परत येताना पुढून हातात घेतली. गाडीत दोष नव्हता. पावणं चालवायचेही झकास, क्लच अलगद, गिअर वेळेवर. मी मनातल्या मनात सर्व्हिस सेंटरच्या साहेबाला दोन शिव्या दिल्या.

मग परतताना गाव आलं.

तात्यांचं गाव टेकाडावर आहे. खालून वर सणसणीत चढ, आणि चढ संपतो तिथंच पिंपळाचा पार. पारावर सकाळपासून गावातले ज्येष्ठ बसलेले. पावण्यांनी दुसऱ्या गिअरला गाडी दाबली, टर्बो शिट्टी घालत पेटला, गाडी पूर्ण जोरात वर आली, पार दिसला, आणि पावण्यांनी ब्रेक मारून खाडकन चावी फिरवली. गाडी बंद.

"रामराम मामा," पावणं काचेतून हात जोडून म्हणाले. "तब्बेत काय म्हणतीय?"

"बरी हाय पावणं. कोण हाय संगं?"

"मेस्त्री हाय ओतूरचं."

"आसं व्हय. बसा की."

"येतो मामा." चावी, गाडी चालू. चार घरं ओलांडली. एक आजी पाटी घेऊन येत होत्या. ब्रेक, चावी, बंद. "रामराम मावशी." चालू. पुढं एक काका म्हशीला घेऊन. बंद. रामराम. त्यांच्या म्हशीनंही थांबून मान डोलावली. चालू. पुढं आणखी कुणी. शेवटी मी मोजायचं सोडलं आणि डोळे मिटून फक्त टर्बोचं काय होत असेल ते ऐकत बसलो. घर आलं. दारात कुणीच नव्हतं. तिथं मात्र पावण्यांनी गाडी शांतपणे मिनिटभर चालू ठेवली आणि आतून बायको वरडली.

"पावणं," मी म्हणालो, "रस्त्यात गाडी बंद का करता?"

त्यांनी माझ्याकडं मी पायातल्या वहाणांसकट देवळात शिरल्यासारखं बघितलं. "मेस्त्री, सासुरवाडी हाय. समदं गाव सासरा आन सासू. इंजान घुरघुरत ठिवून रामराम घातला तर म्हणतील, घाईत दिसतंय जावई. आन घरजावयाला कसली वो घाई?"

आता माझी पंचाईत झाली. दोष सापडला होता, पण तो सांगायचा कुणाला? पावण्यांनी गाडी मारली म्हणावं तर तात्या आजच फटफटी काढणार. गावच्या मानपानानं मारली म्हणावं तर मला त्या चढावरनं बिनब्रेकच्या गाडीसारखं खाली पळावं लागणार. मी चहा घेतला आणि सरळ गोठ्यात गेलो. तात्या तिथं होते.

तात्यांचा टिकाऊपणाचा पक्ष दावणीपाशी संपायचा. त्यांच्याकडं पाखऱ्या नावाचा बैल होता, गाड्याच्या शर्यतीतला. घाट म्हणजे शर्यतीचं मैदान. घाटात पाखऱ्या सुटला की धूळ त्याच्या मागं नाही, त्याच्या मागून दुसऱ्या दिवशी यायची. आत्ताच सराव करून आला होता, आणि तात्या स्वतः त्याला अंगणात हळूहळू फिरवत होते, पाठीवर पोतं टाकून.

"तात्या, एवढं पळून आलाय. बांधा की त्याला. बसू द्या."

तात्या थांबले. "काय बोलताय मेस्त्री? रक्त तापलंय त्याचं. लगीच बांधला तर आखडंल, पाय धरंल. जरा फिरवायचा, दम खाऊ द्यायचा, मंग बांधायचा."

"आसं व्हय. आन फिरवताना पारावरचं मामा भेटलं तर?"

"भेटलं तर काय?"

"बैल हितंच बसवून रामराम घालाल का?"

"येडं का खुळं तुमी? चालता चालता घालीन."

"मग तात्या, तुमचा जावई रोज पाखऱ्याला चढावरनं पळवत आणतो आन पारासमोर चारी पाय बांधून टाकतो. तुमच्या गावाचा मान राखायला."

मी सगळं समजावून सांगितलं. दांडा, ऑइल, खरपुडी. तात्यांनी पाखऱ्याला दोन फेऱ्या जास्तीच्या मारल्या. मग म्हणाले, "म्हंजी पोराची चूक न्हाई."

"पोराचा मोठेपणा हाय, तात्या."

"आन गाडीची बी न्हाई."

"गाडी पाखऱ्याच्या जातीची हाय."

हे वाक्य मी मुद्दाम ठेवून दिलं होतं. ते लागू पडलं. तात्यांनी पोतं नीट केलं, बैल बांधला, डोक्याला टोपी घातली आणि ते आम्हां दोघांना घेऊन पारावर गेले.

पारावर सभा झाली म्हणायला हरकत नाही. तात्यांनी पाखऱ्यापासून सुरुवात केली आणि टर्बोवर आणून सोडलं. मला बोलूच दिलं नाही, आणि माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं. सगळ्यांना पटलं, फक्त सगळ्यात थोरले मामा सोडून.

"समजलं," मामा म्हणाले. "पर आमी बोलायचं आन इंजानानं मधी मधी बोलायचं, ह्ये बरं दिसतं का? गाडीचा मान मोठा आन आमचा धाकटा?"

पावण्यांनी माझ्याकडं बघितलं, मी पिंपळाकडं बघितलं. फटफटीची मागची सीट आमच्या दोघांच्या डोळ्यांसमोर होती.

मग तात्याच म्हणाले, "मामा, आजवर त्यो आत बसून रामराम घालायचा. आता गाडी बाजूला लावंल, चालू ऱ्हाऊ दे, आन खाली उतरून तुमच्या पाया पडंल. मंग तर झालं?"

मामांनी तंबाखू मळता मळता विचार केला. "रोज?"

"रोज," पावणं म्हणाले.

"मंग हरकत न्हाई," मामा म्हणाले. "उलट ह्ये आदीच करायला पायजे व्हतं."

त्या दिवसापासून पावणं गाडी पारापाशी लावायचे, टर्बो बाजूला निवत राहायचा आणि ते मामांच्या पाया पडायचे. मामांचा आशीर्वाद लांबलचक असायचा, मिनिटभर कसा जायचा कळायचं नाही. कंपनीनं एवढा अचूक टायमर अजून काढलेला नाही. गावात पावण्यांचं नाव असं झालं की बायका आपल्या जावयांना त्यांचं उदाहरण द्यायला लागल्या, आणि आजूबाजूचे जावई आमच्या पावण्यांवर खार खाऊन राहिले. बियाण्याचा खपही वाढला. दोरी तिसऱ्यांदा काही निघाली नाही. ती ट्रॅक्टरवरून सुटून शेवटी पाखऱ्याच्या वैरणीला बांधलेली मी पाहिली.

मी मात्र तेव्हापासून एक नियम केला. छोटी टर्बो गाडी घेऊ का, टिकंल का, असं कुणी विचारायला आलं की मी रोजचं अंतर विचारतो, चढ विचारतो, ओझं विचारतो, आणि शेवटी सासुरवाडी कुठं आहे ते विचारतो. लोकांना वाटतं मेस्त्री सोयरीक जुळवायलाही बसतो.

पुढं कधीतरी तात्या जीपचे ब्रेक करायला आले. जीप गॅरेजपुढं लावली, पण बंद करीनात. जीप ढगढगत होती, तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून शांत बसले होते. मी पाना घेऊन उभा.

"तात्या, बंद करा की."

"थांबा जरा. लांबनं आलीय. दम खाऊ द्या तिला."

"तात्या, तुमच्या जीपला टर्बो न्हाई."

तात्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि मला जवळ बोलावलं.

"हळू बोला मेस्त्री," ते म्हणाले. "तिला ठाऊक न्हाई."