मशरूम: झाड की जनावर?

बाळांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही मला सजीवांच्या पाचही सृष्टी पाठ म्हणून दाखवल्यात. माझ्या शाळेत दोनच होत्या, वनस्पती आणि प्राणी. तिसरीवरून, म्हणजे कवकांच्या सृष्टीवरून, आपल्या निगडीच्या घरात एकदा काय झालं, ते तुमचं पाठांतर ताजं आहे तोवर सांगून टाकते.

तुमच्या आजोबांची थोरली बहीण देहूला असते. गळ्यात तुळशीची माळ. मांसमच्छी तर सोडाच, अंड्याचा केकही वर्ज्य. मोतीबिंदू काढल्यावर त्या विश्रांतीला आमच्याकडे आल्या. मी मशरूमचा रस्सा केला. डोळ्याला अजून नीट दिसत नव्हतं, पण दोन घास खाऊन त्या खूश.

"ग्वाड लागती गं. कसली भाजी?"

मशरूमची, एवढं सांगून मी थांबायला हवं होतं. पण चुकीच्या खणात ठेवलेला चमचासुद्धा मला बघवत नाही.

"मशरूम आहे, वन्सं. तशी ही वनस्पती नाही बरं का."

"मग? जनावर हाय?"

"जनावरही नाही. पण नात्यानं झाडांपेक्षा प्राण्यांना जवळची."

घास हातातच राहिला. दुसरा हात माळेवर गेला.

"माळ बाटवलीस माझी! आता ह्या घरात पाणीबी घ्यायची न्हाई मी."

आजोबा सावरायला गेले. "अक्का, अगं तसं तर दह्यातसुद्धा जिवंत जंतू..."

"तू गप रं! माझं दही तरी सोड!"

त्यांनी पिशवी भरायला घेतली. मी मागे मागे विनवत होते. औषधाची बाटली हातात घेऊन त्या एकाएकी थांबल्या.

"मला सांग, ते मशरूम हरवलं तर त्याची आय त्याला हुडकती का?"

"त्याला आई नसतेच. धुळीसारखे बारीक कण उडतात, पडतील तिथं उगवतात."

"म्हंजी कुणीच हुडकत न्हाई?"

"कुणीच नाही."

"मग इतका वेळ घाबरवलंस कशाला? ज्याला आय हुडकती, ते खायचं न्हाई. बाकी समदं चालतं. तुझ्या सृष्टी तुला लखलाभ."

टेबलाशी परत बसून त्यांनी ताट पुढे ओढलं. "गार झालं बघ. तापव."

"आणि दही?" आजोबांनी दबकत विचारलं.

"तेबी आण."

देहूहून त्या अजूनही येतात, आणि आमच्याकडे जेवतात.