उभा लावलेला दगड

दगड कापला जात असताना त्याला वास येतो. विझवलेल्या चुलीवर पाणी मारल्यावर यावा तसा ओलसर, पण आत कुठेतरी ठिणगीची जळकी धार असलेला. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात जुनी दुमजली क्वार्टर्स पाडून टॉवर उभे राहताहेत. आमच्या बाल्कनीसमोर गेले आठ दिवस फाटकाच्या खांबांसाठी लाल दगड कापला जातोय. यंत्र किंचाळतं, तांबडं पाणी नालीकडे ओघळत जातं आणि मी खिडक्या लावून घेते. "अगं, आज हवा बरी आहे, उघड की," नवरा म्हणतो. त्याला वाटतं, मला धुळीचा त्रास होतो. मी काही बोलत नाही. न बोलण्याचा मला पंचवीस वर्षांचा सराव आहे. तोच आज मोडायला बसले आहे.

तेव्हा मी सरकारी बांधकाम खात्यात नवी नवी कनिष्ठ अभियंता होते. नोकरी अजून पक्की झालेली नव्हती. दक्षिण दिल्लीतल्या एका लहानशा सरकारी इमारतीच्या कामावर मला नेमलं होतं आणि सबंध साइटवर, डोक्यावर घमेली वाहणाऱ्या बायका सोडल्या, तर मी एकटीच बाई. ठेकेदाराची माणसं माझ्यासमोर "जी मैडम" म्हणत आणि पाठ वळली की हसत. दगडकामाचे मुख्य मिस्त्री मात्र हसत नसत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत, म्हणून मीही. ते राजस्थानातल्या खाणींच्या मुलखातले. पिकलेल्या मिशा, दोऱ्यानं बांधलेला चष्मा, आणि अंगठ्याचं नख दगडासारखंच निबर झालेलं. दहा माणसं भोवती असली की ते मुद्दाम मोठ्यानं विचारायचे, "मैडम बिटिया, ज़रा नाप बता दीजिए, हम भूल गए." त्यांना सगळी मापं तोंडपाठ असत. ते विसरायचे ते माझ्यासाठी, हे कळायलाही मला सहा महिने लागले.

आमच्या विदर्भातला दगड काळा. वर्षातून एकदा गावी जायचे तेव्हा विहिरीच्या काठाला, देवळाच्या जोत्याला, नदीच्या घाटाला मी तोच पाहिलेला. त्या दगडाला आडवं-उभं काही नसतं. कसाही ठेवा, तो तसाच मख्ख, तसाच भक्कम. लाल दगडाचं तसं नाही. तो थरांचा. कुठल्याशा आटलेल्या पाण्याखाली वाळूवर वाळू निजत गेली, युगानुयुगं निजली, आणि तिचा दगड झाला. म्हणून उस्ताद खाणीतून आलेल्या प्रत्येक दगडावर कोळशानं खूण करून घ्यायचे, वरची बाजू कुठली त्याची. "धरती में जैसे सोया था, दीवार में भी वैसे ही सुलाना है," ते सांगत. "करवट दी, तो चमड़ी छोड़ देगा." हे पुस्तकातही होतं. परीक्षेत दोन मार्कांना येऊन गेलं होतं, मी ते लिहिलंही होतं. पण हाताला ओळख काळ्या दगडाची, आणि माणूस शेवटी हाताला ठाऊक असतं त्यावरच विश्वास ठेवतो. ही सबब नाही. तसं घडलं, एवढंच.

इमारतीच्या पोर्चला चार खांब होते. त्यांचं ड्रॉइंग मी केलेलं. आयुष्यातलं पहिलं, वरून मंजूर होऊन आलेलं. मला ते खांब उंच दिसायला हवे होते, दगडातल्या फिक्या रेषा खालून वर धावत गेलेल्या हव्या होत्या. उस्तादांनी कागद उलटासुलटा करून पाहिला. म्हणाले, बुटके चौकोनी दगड घडवू, एकावर एक आडवे निजवू, खांब शंभर वर्षं हलणार नाही. रेषा मात्र आडव्या येतील.

"पण ड्रॉइंगमध्ये उभ्या आहेत," मी हिंदीत म्हणाले. आवाज आपोआप चढला होता, कारण ठेकेदाराचा मुनशी शेजारी उभा राहून ऐकत होता.

"बिटिया, यह पत्थर है, परांठा नहीं कि जिधर से चाहो पलट दो."

सगळे हसले. मुनशी सगळ्यांत जास्त. उस्तादही हसले, त्यात टोचणी नव्हती, घरातल्या पोरीची करावी तशी थट्टा होती. पण माझे कान तापले. मी म्हणाले, "उस्ताद, इंजीनियर आप हैं या मैं?"

हसणं थांबलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आप हैं जी," म्हणाले. त्या दिवसापासून काम संपेपर्यंत त्यांनी मला बिटिया म्हटलं नाही. लांब दगड उभे चढले. रेषा खालून वर धावत गेल्या. साहेब पाहणीला आले, माझी पाठ थोपटून गेले. आणि खरं सांगते, ते खांब सुंदर दिसत होते.

तिसऱ्या पावसाळ्यात त्यांची कातडी सुटली. पाणी थरांत शिरलं, आणि एका रविवारी पोर्चच्या खांबाचा पुरुषभर उंचीचा पापुद्रा सुटून पायरीवर पडला. सुट्टी होती म्हणून खाली कोणी नव्हतं. सोमवारी चौकशी बसली. साहेबांच्या खोलीत टेबलाच्या अलीकडे मी, ठेकेदार, आणि दाराशी टोपी हातात घेऊन उस्ताद. मधल्या काळात ते दुसऱ्या साइटवर गेले होते, तिथून बोलावून आणलं होतं. ड्रॉइंगमध्ये रेषा होत्या, पण दगड कसा लावायचा हे शब्दांत कुठे लिहिलेलं नव्हतं. ते मी तोंडी सांगितलं होतं. साहेबांनी विचारलं, "पत्थर खड़ा किसने लगवाया?"

मी म्हणाले, "मिस्त्री ने."

दोन शब्द. विचार करून नाही म्हणाले, आणि न विचार करताही नाही. महिनाभरानं माझी नोकरी पक्की व्हायची होती. आर. के. पुरमच्या दोन खोल्यांत बाबा त्या कागदाची माझ्याहून जास्त वाट पाहत होते. सबंध घराण्यात अधिकारी होणारी मी पहिली. हे सगळं त्या एका क्षणात माझ्या तोंडात येऊन बसलं.

साहेब उस्तादांकडे वळले. उस्तादांनी एकदाच माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मी आज एवढी खंगले नसते. शाळेत उत्तर चुकलेल्या पोरीकडे पाहावं तसं ते पाहणं होतं. मग ते म्हणाले, "जी. हमसे ही हुआ."

संध्याकाळी बाबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "शहाणपणा केलास, बाळ. नोकरी म्हणजे नोकरी." आईनं त्या दिवशी शिरा केला. तो मी खाल्ला.

त्यानंतर सरकारी कामांवर उस्तादांना कुणी घेतलं नाही. दगड उलटा लावणारा मिस्त्री, असं त्यांच्या नावामागे लागलं. ज्या माणसानं आयुष्यात एक दगड उलटा लावला नव्हता आणि जो लावला तो माझ्या हुकमानं, त्याच्या नावामागे. मला हे कानावर येत होतं. मी शोधायला गेले नाही. बदल्या झाल्या, बढत्या झाल्या, बाबा गेले, मुलगी मोठी झाली. तिला पापुद्रा हा शब्द ठाऊक नव्हता. एकदा तिनं विचारलं, तर मी पोळीचा पापुद्रा दाखवला.

गेल्या आठवड्यात फाटकाशी एक म्हातारा कारागीर छिन्नी चालवताना दिसला. त्यानंच मला ओळखलं. "मैडम, आप वही पोर्च वाली? उस्ताद तो गुज़र गए, तीन जाड़े हुए." शेवटची वर्षं ते नोएडातल्या कुठल्याशा टॉवरवर चौकीदारी करत होते, म्हणाला. त्यांचा मुलगा फरीदाबादला असतो. टाइल्सचं दुकान आहे.

रविवारी गेले. मुलगा चाळिशीचा, वडिलांसारखीच हनुवटी. चहा मागवला. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, पोर्चपासून साहेबांच्या खोलीपर्यंत. भोवती दगडासारख्या छापलेल्या टाइल्स रांगेनं उभ्या होत्या. मग तो म्हणाला, "मैडम, बाबूजी ने हमें छेनी छूने नहीं दी. पूछते तो कहते, हमारे हाथ में दोष आ गया है." पुढे म्हणाला, "आप चाहती हैं हम कह दें, कोई बात नहीं? कह देते हैं. कोई बात नहीं."

ते त्यानं जितक्या सौजन्यानं म्हटलं, तितकं मला कुणी कधी मारलेलं नाही.

मग त्यानं बिलबुकातला कोरा कागद फाडून पुढे सरकवला. "लिख दीजिए. गाँव में अम्मा ज़िंदा हैं. उनको पढ़कर सुनाएँगे."

मी लिहायला बसले. दोष माझा, हुकूम माझा, असं हिंदीत लिहिता लिहिता एका जागी पेन थांबलं. ज्यांच्याकडून काम शिकले, ज्यांच्या तोंडून बिटिया ऐकलं, त्यांचं नाव मला माहीत नव्हतं. चौकशीच्या अहवालातही ते नव्हतं. तिथे फक्त "मिस्त्री" होतं, तो शब्द माझाच. मान वर न करता मी विचारलं, "पूरा नाम?"

मुलानं वडिलांचं नाव सांगितलं, आणि मी चुकू नये म्हणून एकेक अक्षर सावकाश सांगितलं. मी ते लिहिलं. खाली सही केली, हुद्दा घातला नाही.

तो कागद आता कुठल्या तरी खेड्यात एका म्हातारीच्या उशाशी असेल, किंवा नसेलही. त्यानं काही बदललं नाही. ज्याच्यासाठी तो लिहायचा होता, तो माणूस हातात दोष घेऊनच गेला. काळ सगळं झिजवतो म्हणतात. तो बोललेलं झिजवत असेल, पण जे बोलायचं राहून गेलं त्याला त्याचा हात लागत नाही. ते नाव मी इथे लिहिणार नाही. एवढ्या उशिरा मिळालेलं नाव मिरवायचा मला हक्क नाही. रोज सकाळी उठले की ते मनातल्या मनात एकदा पूर्ण उच्चारते, त्यांच्या मुलानं सांगितलं तसं, एकेक अक्षर सावकाश.