तालमीचा बीपी

दवाखान्यात बसलं की किस्से शोधायला जावं लागत नाही, लोक स्वतःच घेऊन येतात. ताप सांगता सांगता सासू सांगतात, खोकला सांगता सांगता भाऊबंदकी. मुरगूडजवळच्या आमच्या उपकेंद्रात मी नर्स आहे आणि मालू आमची आशाताई. मालूचा आवाज असा की गावाला भोंग्याची गरज नाही.

*

डेंग्यूचे दिवस होते. गावात पाणी दिवसाआड येतं, त्यामुळे साठवलेलं पाणी ओतून कोरडा दिवस पाळा म्हटलं की बायका बॅरलवर हात ठेवून उभ्या राहायच्या. मालूनं कुणाशी वाद घातला नाही. तिनं आधी स्वतःच्या दारातलं, सासूनं काठोकाठ भरलेलं बॅरल भर गल्लीत पालथं केलं.

सासूबाईंनी पदर खोचला. मग शेजारणींकडं वळून म्हणाल्या, "माझं वतलंय न्हवं? आता तुमचं बी वता की!"

पुढचं सगळं काम सासूबाईंनीच केलं. त्या दिवशी गल्लीत एकही बॅरल भरलेलं राहिलं नाही.

*

तालमीच्या वस्तादांना आम्ही एकदा कसंबसं बीपी तपासायला आणलं. दंड एवढा की पट्टाच पुरेना, मोठा पट्टा मागवावा लागला. आकडा आला एकशेऐंशी. मी घाबरून मीठ, लोणचं, पापड, सगळं बंद करायला सांगत होते.

वस्ताद मिशीला पीळ देत तालमीत गेले आणि पोरांना म्हणाले, "आपलं एकशेऐंशी भरलं. हाय का गावात कुणाचं?"

दुसऱ्या दिवशी उपकेंद्राबाहेर पैलवानांची रांग! प्रत्येकाला वस्तादांच्या वर जायचं होतं. एकाचं एकशेवीस निघालं तर बिचारा इतका खट्टू झाला की म्हणाला, "परत बघा की सिस्टर, ह्या खेपंला दम धरतो."

मी खरं काय ते सांगणार होते, पण मालूनं मला कोपर मारलं. "येऊ द्यात की. एरवी बोलवून येत्यात व्हय ही?"

सगळी तालीम तपासून झाल्यावरच आम्ही सांगितलं की हा आकडा कमी असलेला बरा. वस्ताद दोन दिवस आमच्याशी बोलले नाहीत, पण गोळी सुरू केली.

*

त्याच रांगेत इम्रान खोकत उभा होता. तालमीतला सगळ्यात चपळ गडी. खोकला मातीनं आलाय म्हणायचा. मालूनं हट्टानं थुंकी तपासायला पाठवली आणि टीबी निघाला.

औषध सुरू झालं, तशी बातमीही फुटली. पोरं त्याच्या दारावरून जाईनात. जरा बरं वाटू लागल्यावर त्यानं गोळ्याच सोडल्या. अर्ध्यावर सोडल्या की हा आजार जास्त चिवट होऊन परत येतो, जिवावर बेततं. आम्ही दोघींनी परोपरीनं सांगितलं. त्याची आई तोंडाला पदर लावून ऐकत होती.

इम्रान म्हणाला, "बरा होऊन जाऊ कुठं? तालमीत कोण घेणार हाय मला?"



*

वस्तादांशी बोलू का, असं मालूनं इम्रानला विचारलं. तो भिंतीकडं बघत हो म्हणाला. तालमीत बायका जात नाहीत, म्हणून मालूनं दारातूनच हाक घातली, "वस्ताद, जरा भाईर या. तुमच्याशी काम हाय."

दुसऱ्या दिवसापासून वस्ताद रोज सकाळी मास्क लावून इम्रानच्या अंगणात. स्वतःची बीपीची गोळी खिशात. "तू गिळ, मग मी गिळतो," एवढंच बोलायचे. एवढा आडदांड माणूस, पण गोळी गिळताना तोंड असं वाकडं करायचा की इम्रानची आईसुद्धा हसायला लागली. औषधाचा कोर्स संपेपर्यंत वस्तादांनी एकही सकाळ चुकवली नाही. असा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

*

इम्रान पूर्ण बरा झाला, आता कुणाला धोका नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तो तालमीपर्यंत आला आणि उंबऱ्यावर थांबला. आम्ही दोघी रस्त्यावरून बघत होतो. आत पोरं हळूच मागं सरकली.

तालमीत रोज एकजण बदाम, खसखस घोटून थंडाई करतो आणि ती सगळे पितात. वस्तादांनी घोटायची कुंडी इम्रानपुढं सरकवली. त्यानं खाली मान घालून घोटली, दूध घातलं आणि पहिला पेला वस्तादांना दिला.

वस्तादांनी पेला एका दमात रिकामा केला, मिशा पुसल्या. सगळी पोरं त्यांच्या तोंडाकडं बघत होती.

"बदाम कमी पडलं," वस्ताद म्हणाले. "उद्या जरा ज्यादा घाल."