घर बघायला आलेला देवणीचा माणूस

मी शाळेत विज्ञान शिकवते. भुताखेताच्या गोष्टी सांगणाऱ्या पोरांना वर्गात उभं करणारी बाई आहे मी. त्यामुळे हे लिहिताना स्वतःचीच लाज वाटतेय... तरी लिहिते, कारण घरात सांगायला आता कुणी उरलं नाही.

नांदेडला तरोडा भागात आमचं छोटं घर. ह्यांना लकवा झाला, उजवी बाजू गेली, वाचा गेली. सात महिने एक अक्षर नाही. हैदराबादच्या उपचारासाठी घर विकायला काढलं. येणारे नुसते बघून जायचे. आतल्या खोलीत पलंगावर हे दिसले की दारातूनच माघारी फिरायचे. एजंट मुनीरभाई म्हणायचे, "भाभी, टाइमपासवाले लई येतात. ज्याला खरंच घ्यायचंय, तो नळ सोडून बघतो, कागद मागतो."

शनिवारी शाळा सकाळची. दुपारी दीडच्या सुमाराला एक माणूस आला. पन्नाशीचा, पांढरा शर्ट. "देवणीहून आलो, घर बघायचंय." त्यानं नळ सोडला, बोरला उन्हाळ्यात पाणी राहतं का विचारलं, रजिस्ट्रीचे कागद चाळले. वाटलं, भेटलं एकदाचं गिऱ्हाईक! मग आतल्या खोलीच्या दारात थांबून म्हणाला, "साहेबांपाशी बसू का जरा?"

आजवर असं कुणी विचारलं नव्हतं. मी चहा टाकायला गेले.

आणि मला दोन आवाज ऐकू आले. एक त्याचा. दुसरा... ह्यांचा. घोगरा झालेला, पण ह्यांचाच. पळत जायला हवं होतं ना? नाही गेले. आधी वाटलं, शेजारचा टीव्ही असेल. मग वाटलं — मी गेले अन् आवाज थांबला तर? पाव तास तशीच उभी होते. चहा उतू गेला.

बाहेर येऊन तो चपला घालत म्हणाला, "ताई, घर विकू नका. साहेब म्हणत होते, शकीला सांगा, आता उपचाराची गरज पडायची न्हाई. घर राहू दे तिला."

शकी! जग मला शकुंतलाबाई म्हणतं. शकी फक्त हे म्हणायचे, तेही दोघंच असताना.

मी आत धावले. "अहो, काय बोललात? माझ्याशी बोला ना!" ह्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. ओठ हलले नाहीत. परत बाहेर आले, तर गल्लीत कुणीच नव्हतं.

मुनीरभाईंना फोन केला. "आज तर मी कुणालाच पाठवलं न्हाई, भाभी."

नवव्या दिवशी सकाळी हे गेले.

डॉक्टर म्हणतात, त्यांना बोलणं शक्यच नव्हतं. ताणामुळं तुम्हाला भास झाला असेल. असेलही. मग ते नाव त्या माणसाला कुणी सांगितलं? कळत नाही. दोनदा देवणीला जाऊन आले, एसटी स्टँडवर दिवसभर चेहरे बघत बसले. तो माणूस होता की आणखी काही, याच्याशी मला घेणंदेणं नाही. एवढंच विचारायचंय... पाव तास बोलत होते हे. माझ्यापर्यंत आली ती दोन वाक्यं. बाकी काय बोलले?