दुखण्याचे शब्द

बी.ए.ला जपानी घेतलं तेव्हा आईने एकच विचारलं, "आपल्याकडं कोन बोलतंय गो ती?"

"मी बोलेन की," मी म्हटलं.

सरकारी विद्यापीठ, पूर्व आशियाई भाषांचा विभाग, मुख्य विषय जपानी आणि जोडीला चिनी. पनवेलहून रोज जाऊन-येऊन शिकायचे. दुसऱ्या वर्षापर्यंत जीभ चांगली वळायला लागली होती. त्याच सुमारास रोडपालीतला आमचा फ्लॅट बाबांनी एका जपानी इंजिनिअरला आणि त्याच्या बायकोला भाड्याने दिला. तो न्हावा शेवा बंदरात कामाला जायचा, ती दिवसभर घरी. मी अधूनमधून जाऊन तिच्याशी बोलायचे. माझी पुस्तकी, अतिनम्र वाक्यं ऐकून ती खुदकन हसायची आणि मग सोपं करून सांगायची.

एका सकाळी वॉचमनचा फोन आला. बाई जिन्यात पोट धरून बसल्यात, साहेबांचा फोन लागत नाही. बाबा गावाला गेले होते. मी रिक्षा केली, तिला घेतलं आणि जवळचं हॉस्पिटल गाठलं.

डॉक्टर मराठीच होत्या. "नेमकं कसं दुखतंय ते विचार. नुसतं 'दुखतंय' नको."

मी विचारलं. ती म्हणाली, "रात्री शिकुशिकु. आता झुकिझुकि."

वर्गात शिकलेलं शिकुशिकु म्हणजे मुसमुसून रडणं. पोट कसं मुसमुसेल? क्षणभर अडले, पण घाबरले नाही. म्हटलं, "हाताने दाखवता?" तिने बेंबीवर बोटं ठेवून ती हळूहळू आवळली. मग हात उजवीकडे खाली नेला आणि मूठ उघडझाप करायला लागली, नाडीच्या ठेक्यात.

ते दुखणं मला माहीत होतं. माझी अक्कलदाढ आली होती तेव्हा मीच आईला 'ठसठसतंय' म्हणून सांगायचे.

"आधी बेंबीपाशी बारीक बारीक दुखत होतं," मी डॉक्टरांना सांगितलं, "आता उजवीकडे खाली ठसठसतंय."

डॉक्टरांनी तिथे दाबून पाहिलं, सोनोग्राफी केली. अपेंडिक्स होतं. ऑपरेशन आजच करावं लागणार होतं. त्या अवयवाचं जपानी नाव मी फोनवर शोधलं, तिला वाचून दाखवलं, आणि भूल कशी देतील, किती टाके पडतील, सगळं डॉक्टरांना विचारून एकेक करून सांगितलं. इतकं सलग जपानी मी त्याआधी कधी बोलले नव्हते. चुका झाल्या असतील. तिला सगळं कळत होतं, एवढं मला दिसत होतं.

"तुम्ही आत याल?" तिने विचारलं.

"दारापर्यंत येते. बाहेरच थांबेन."

अखेर नवऱ्याचा फोन लागला; संध्याकाळी तो धावत आला तेव्हा ती शुद्धीवर होती. तो कमरेत वाकला, मीही वाकले. मग त्याला पहिल्यापासून सगळं सांगितलं.

पुढच्या आठवड्यात ही गोष्ट वर्गात सांगितली तर मॅडमनी खडू माझ्या हातात दिला. "तूच शिकव आज." मी फळ्यावर दुखण्याचे जपानी शब्द लिहिले आणि प्रत्येकासमोर मराठी शब्द मागितला. पोटात काही खुपसल्यासारखं दुखतं त्याला किरिकिरि म्हणतात; त्या शब्दावर वर्ग पेटला. सोलापूरचा मुलगा म्हणाला 'कळ', चिपळूणची मैत्रीण म्हणाली 'चमक', तिसरी 'पिळवटणं' सोडायला तयार नाही. तास संपला, पुढच्या वर्गाची मुलं दारात येऊन उभी राहिली, तरी कोणी उठेना.